आधी बेत, मग मेण, शेवटी कात्री: घरी बाटिक करून पहिला कुर्ता

बाटिक, म्हणजे मेणानं नक्षी झाकून कापड रंगवणं, शिकायला लागलेले बहुतेक जण आधी हौसेनं कापड रंगवतात आणि मग याचं काय शिवावं याचा विचार करतात. घोळ तिथेच होतो. मोठं फूल नेमकं मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या जागी जातं, मेण तडकून रंगाच्या सुंदर पडलेल्या भेगा बाजूच्या शिवणीत दडतात आणि छातीवर नुसता सपाट रंग उरतो. बाटिकचा कपडा करायचा असेल तर माप आणि बेत आधी, मेण आणि रंग त्यानंतर, आणि कात्री सगळ्यात शेवटी. इथे ३६ इंच छाती आणि ४० इंच उंचीचा, बाह्या असलेला सरळ कुर्ता धरून सगळं सांगितलं आहे. माप वेगळं असेल तर आकडे त्या हिशेबानं बदला.

तत्त्व सोपं आहे. गरम मेण कापडात मुरलं की तिथे रंग शिरत नाही. पुढच्या रंगाआधी आणखी काही जागा मेणानं झाकायच्या, असं करत फिक्याकडून गडदाकडे जायचं आणि शेवटी सगळं मेण उकळून काढायचं. जावा बेटावर योग्याकार्ता, सोलो, पेकालोंगान या गावांत हे काम चांटिंगनं चालतं. चांटिंग म्हणजे लाकडी मुठीला बसवलेली तांब्याची चिमुकली वाटी आणि तिला बारीक तोटी. हातानं रेखलेलं ते ‘तुलिस’, तांब्याच्या ठशानं केलेलं ते ‘चाप’. इंडोनेशियाच्या बाटिकला २००९ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. आपल्याकडे उज्जैनजवळचं भेरूगड आणि कच्छमधलं मुंद्रा ही बाटिकची जुनी ठिकाणं. शांतिनिकेतनात बाटिक रुजलं त्यामागे रवींद्रनाथांचा १९२७ सालचा जावाचा प्रवास आहे. नवशिक्यानं ब्रश आणि चांटिंग यांवरच हात बसवावा. ठशाच्या कामाला मेणाची परात, टेबलावर ओल्या वाळूचा थर आणि एका दाबात मेण सोडण्याचा सराव लागतो, त्यात आत्ता पडू नका.

कापड: किती, कोणतं आणि आधी काय करायचं

४४ इंच पन्ह्याचं शंभर टक्के सुती केंब्रिक किंवा पातळ पॉपलिन घ्या. मलमल दिसते छान, पण मेण तिच्यात फार पसरतं आणि रेघ जाड होते. जाड खादीत मेण आरपार जात नाही. दुकानदार सुती म्हणाला तरी काठाचे चार धागे काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारख्या वासानं जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. टोकाला कडक गुठळी झाली तर त्यात पॉलिएस्टर आहे. त्यावर बाटिकचा रंग धरत नाही, कितीही वेळ बुडवलं तरी फिकटच राहतं.

आता लांबीचा हिशेब. पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी ४२ इंच: उंची ४०, खालच्या दुमडीला दीड, खांद्याला अर्धा. दोन्ही मिळून ८४ इंच. घेराशी एक भाग साधारण २६ इंच रुंद होतो, म्हणजे पन्ह्यात बाजूला १८ इंच उरतात. बाही १६ इंच रुंद आणि १७ इंच लांब धरली तर दोन्ही बाह्या त्या उरलेल्या पट्ट्यात बसतात. हिशेबानं सव्वादोन मीटरला थोडं कमीच लागतं, पण अडीच मीटर घ्या. कापड आटतं, आणि मेण तपासून बघायचे तुकडे व गळ्याच्या पट्ट्या यातूनच निघायच्या आहेत.

नव्या कापडावर खळ आणि तेलकटपणा असतो. तो काढल्याशिवाय ना मेण मुरत, ना रंग. आठ लिटर पाण्यात दोन टेबलस्पून सोडा ॲश (धुण्याच्या सोड्याची कोरडी पूड) आणि एक टेबलस्पून साबणचुरा टाकून कापड अर्धा तास मंद उकळा. पांढऱ्याशुभ्र कापडाचंही पाणी पिवळट, तांबूस होतं, ते बघून काय निघालं ते कळतं. नंतर भरपूर पाण्यात खळबळा. नीळ, खळ, कंडिशनर काहीही लावू नका. वाळल्यावर कापडावर पाण्याचा थेंब सोडा. लगेच शोषला गेला तर कापड तयार, मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा. कापड आटायचं ते याच उकळीत आटून जातं, म्हणून माप यानंतरच घ्यायचं. हा टप्पा गाळला तर शेवटी मेण काढायच्या उकळीत कापड आटतं आणि बेतलेली नक्षी सरकते.

बेत कापडावर उतरवणं

तुम्हाला नीट बसणारा एक सरळ कुर्ता घ्या आणि त्यावरून तपकिरी कागदाचा नमुना कापा. छातीचा पाव भाग ९ इंच, त्यात १ इंच सैलपणा आणि बाजूला १ इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड. खांदा आणि गळ्याला अर्धा इंच माया पुरते. हा नमुना कापडावर ठेवून एचबी पेन्सिलीनं अगदी हलकी बाह्यरेषा काढा. दाबून काढलेली रेघ मेणाखाली बसली तर कायमची राहते. कार्बन पेपर आणि बॉलपेन वर्ज्य.

खांद्यावर जोड नको म्हणून पुढचा-मागचा भाग एकसलग बेतायची सवय असेल, तर इथे जपा. तसं केलं आणि नक्षी एकाच दिशेनं काढली तर पाठीवरची फुलं उलटी लटकतात. खांद्याला जोड घ्या आणि दोन्ही भागांची खालची बाजू कापडाच्या एकाच दिशेला ठेवा. बाह्यांचंही तेच.

बाह्यरेषा पूर्ण झाल्यावर तिच्या आत शिवणीची रेष धरा आणि तिच्या अलीकडे एक इंचाच्या आत महत्त्वाचं काही काढू नका. गळ्याच्या खाली दोन ते तीन इंच मोकळे ठेवा. बाजूच्या शिवणीवर नक्षी जुळवायचा हट्ट पहिल्या कुर्त्यात नको. कडेला नुसता पोत किंवा भेगा येऊ द्या, त्या कुठेही जोडल्या तरी चालतात. पुढच्या भागावर एक मोठी आकृती, घेराला एक पट्टा आणि बाह्यांच्या टोकाला तोच पट्टा लहान करून, एवढी रचना पहिल्यांदा भरपूर होते.

मेण

अर्धं मधमाशीचं मेण आणि अर्धं पॅराफिन, वजनावर. अडीच मीटरच्या कामाला दोन्ही मिळून पाऊण किलो पुरतं. मधमाशीचं मेण लवचिक असतं, वाकवलं तरी तुटत नाही. पॅराफिन ठिसूळ, त्यालाच बाटिकच्या त्या जाळीदार भेगा पडतात. बारीक स्वच्छ रेघा हव्यात तर मधमाशीचं मेण ७० टक्के करा, भरपूर भेगा हव्यात तर पॅराफिन ७० टक्के. नुसतं पॅराफिन वापरलं तर ते रंगाच्या टबात पापुद्र्यासारखं सुटतं आणि पांढरी जागा डागाळते. मेण कापडाला घट्ट धरावं म्हणून जाणकार थोडी राळही घालतात. पहिल्या खेपेला ती नसली तरी अडत नाही.

मेण विजेच्या शेगडीवर जाड बुडाच्या भांड्यात वितळवा, गॅसच्या उघड्या आचेवर नको. ११० ते १२० अंश सेल्सिअस हे तापमान योग्य, त्यासाठी मिठाईचा थर्मामीटर ठेवा. पाण्याच्या भांड्यात मेणाचं भांडं ठेवून काम करणं सुरक्षित वाटतं, पण मेण शंभर अंशांच्या खालीच राहतं आणि पॉपलिनमध्ये आरपार जात नाही. मेणातून धूर दिसला की शेगडी लगेच बंद. जवळ भांड्यावर बसणारं झाकण ठेवा. मेण पेटलं तर झाकण घालून आच बंद करायची. पाणी कधीही ओतायचं नाही, पेटतं मेण उसळून अंगावर येतं. खिडकी उघडी आणि मुलं खोलीबाहेर.

कापड लाकडी चौकटीवर टाचण्यांनी ताणून घ्या. दोन फुटांची चौकट पुरते, काम सरकवत न्यायचं. कापड टेबलाला टेकलं तर मेण टेबलालाच चिकटतं आणि उचलताना सोलून निघतं.

आधी वीस सेंटिमीटरच्या तुकड्यावर बघा. मेण बरोबर तापलं असेल तर ते लागलेली जागा ओल्या कागदासारखी पारदर्शक, थोडी गडद दिसते. पांढरट, दुधाळ, वर बसल्यासारखं दिसलं तर मेण थंड आहे आणि त्याखालून रंग शिरणारच. रेघ शाईसारखी फुटून पसरली तर मेण फार तापलंय. चांटिंग मेणात अर्धा मिनिट ठेवून तापवा, अर्ध्याहून कमी भरा, तळ चिंधीवर पुसा. कापडाकडे नेताना तोटीखाली कागदाचा तुकडा धरा. थांबायचं तेव्हा तोटी वर. कापडावर ती टेकवून रेटायची नसते, नुसती सरकवायची. मोठ्या जागांसाठी नैसर्गिक केसांचा ब्रश घ्या, नायलॉनचे केस गरम मेणात आकसतात.

नको तिथे थेंब पडला तर खरवडत बसू नका. मुरलेलं मेण पूर्ण निघत नाही आणि त्या जागी रंग धूसर धरतो. आणखी दोनचार थेंब टाकून त्याचं ठिपक्यांचं नक्षीकाम करा.

एक भाग झाला की कापड उलटून उजेडासमोर धरा. मागून जिथे पारदर्शक दिसत नाही तिथे मागून पुन्हा मेण द्या. जावातल्या उत्तम तुलिसला दोन्ही बाजूंनी मेण लावतात, त्यामुळे ते कापड दोन्हीकडून सारखं दिसतं. नवशिक्यांचं बाटिक धुरकट का दिसतं, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं: मागची बाजू तपासलेली नसते.

रंग

गार पाण्यातले रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे सुती धाग्याशी पक्के जोडले जाणारे रंग घ्या. भेरूगडसारख्या ठिकाणी नॅप्थॉल जातीचा रंग चालतो, पण त्याला कॉस्टिक सोडा लागतो. तो हात आणि डोळे भाजतो, घरच्या पहिल्या कामाला नको. गरम पाण्यात उकळून करायचे बाजारी पुडीतले रंग बाटिकला चालतच नाहीत, मेण वितळून जातं.

अडीच मीटर केंब्रिक कोरडं असताना साधारण ३०० ग्रॅम भरतं. मेण लावायच्या आधी वजन करून ठेवा, कारण रंग या वजनावर ठरतो. फिक्या पिवळ्याला ३ ग्रॅम, मध्यम छटेला ६, गडदाला १२, काळ्याला २४ ग्रॅम. मीठ आणि सोडा मात्र पाण्यावर ठरतात: दर लिटरला ५० ग्रॅम मीठ आणि १० ग्रॅम सोडा ॲश. सहा लिटर पाणी घेतलं तर ३०० ग्रॅम मीठ, ६० ग्रॅम सोडा. मेणाचं कापड चुरगळता येत नाही, म्हणून टब रुंद लागतो. टबासाठी पाणी वाढवलं तर मीठ-सोडा त्या प्रमाणात वाढवा.

सोड्यात बरीच फसगत होते. खायचा सोडा इथे उपयोगाचा नाही. धुण्याचा सोडा खड्यांच्या रूपात मिळाला तर त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं, तो सोडा ॲशच्या पावणेतीनपट लागतो. हे माहीत नसलं की रंग टबात सुरेख दिसतो आणि धुताना सगळा वाहून जातो.

रंगाची पूड मोजताना मास्क आणि हातमोजे घाला, आणि या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. पूड थोड्या कोमट पाण्यात लगदा करून मग विरघळवा, नाहीतर न विरघळलेले कण कापडावर ठिपके पाडतात. टबात मीठ आणि रंग एकत्र करा. कापड साध्या पाण्यात भिजवून टबात बुडवा आणि वीस मिनिटं हलक्या हातानं वरखाली करत राहा. सोडा वेगळा विरघळवून, पूर्ण गार करून घ्या. कापड बाहेर उचला, सोड्याचं पाणी टबात ओतून हलवा, मग कापड परत बुडवा. थेट कापडावर सोडा ओतला तर तिथे गडद पट्टे येतात. पुढचा पाऊण ते एक तास दर पाच मिनिटांनी कापड फिरवा. फिरोजी रंग सावकाश धरतो, त्याला दीड तास द्या.

पाणी २५ ते ३५ अंशांचं हवं. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात रंग झटपट धरतो, पण मेण मऊ पडतं, तेव्हा काम सकाळी उरका. थंडीत पाणी गार असेल तर रंग अर्धवट धरतो, पाणी कोमट करून घ्या. सोडा पडलेला रंग काही तासांत निकामी होतो. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरलं तर छटा मरतुकडी येते.

रंगांचा क्रम एकावर एक चढणाऱ्या थरांचा असतो. पांढरं ठेवायचं तिथे पहिलं मेण, मग पिवळा. पिवळं ठेवायचं तिथे दुसरं मेण, मग लाल. पिवळ्यावर लाल चढून केशरी-तांबडा येतो. तो जपायचा तिथे तिसरं मेण आणि शेवटी गडद निळा, जो तांबड्यावर पडून चॉकलेटी-काळपट होतो. निळ्यापासून सुरुवात करून नंतर पिवळा मिळेल असं होत नाही. प्रत्येक रंगानंतर गार पाण्यात खळबळा, पिळू नका, सावलीत आडवं वाळवा. पुढचं मेण पूर्ण कोरड्या कापडावरच. ओलसर जागेत मेण तडतडतं आणि मुरत नाही.

भेगा शेवटच्या गडद रंगाआधी पाडायच्या. कापड बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवा आणि हव्या त्या भागात हातानं दुमडा. मूठभरून चुरगळलं तर सगळीकडे सारखी बारीक जाळी येते. एका दिशेनं घड्या घालत गेलं तर लांब शिरा येतात, घेराकडे त्या फार छान दिसतात. चेहरा, पक्ष्याचा डोळा अशा जागा दुमडू नका.

मेण उतरवणं

शेवटच्या रंगानंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत गार पाण्यात धुवा आणि वाळवा. मग जुन्या वर्तमानपत्रांच्या थरांत ठेवून इस्त्री फिरवा, कागद तेलकट झाला की बदला. यात बरंचसं मेण निघतं, पण सगळं नाही. इथेच थांबलात तर नक्षीभोवती तेलकट कडा राहतात. म्हणून मोठ्या पातेल्यात दहा लिटर पाणी उकळा, दोन टेबलस्पून साबणचुरा टाका आणि कापड त्यात पाच मिनिटं काठीनं दाबून हलवत ठेवा. मेण वर तवंग धरतं. कापड त्या तवंगातून सावकाश ओढलं तर मेण परत चिकटतं. काठीनं तवंग बाजूला सारा, कापड झटकन उचला आणि शेजारच्या गार पाण्याच्या बादलीत टाका. उरलेलं मेण कडक होऊन चोळताच पापुद्रे निघतात. हे दोनतीनदा करा. पातेलं गार झाल्यावर वर मेणाची चकती जमते, ती उचलून पुढच्या कामाला ठेवा. हे पाणी गरम असताना मोरीत ओतलं तर पाइप तुंबतो.

मेण पूर्ण गेलं का, हे पुन्हा पाण्याच्या थेंबानं बघा. कुठे थेंब उभा राहिला तर तिथे मेण आहे.

शिवण

पाण्याच्या थेंबाची ही परीक्षा चुकवू नका, कारण शिलाईतल्या निम्म्या अडचणी उरलेल्या मेणाच्या असतात. सुई चिकट होऊन टाके सुटतात. गळ्याला लावलेलं फ्युजिंग (इस्त्रीनं चिकटवायचं अस्तर) चिकटतच नाही, धुतल्यावर फुगे येतात.

कापड दोन्हीकडून सारखं दिसत असलं तरी एक बाजू सुलट ठरवा आणि प्रत्येक भागाच्या उलट बाजूला खडूची फुली मारा. पेन्सिलीची रेष उकळीत फिकी झालेली असते. कागदी नमुना परत ठेवा, मधली रेष नक्षीच्या मध्याशी जुळवा, उभा धागा सरळ आहे ना बघा, आणि कापा. नक्षी आणि धागा यांत अर्धा इंच फरक पडला असेल तर धाग्याची बाजू घ्या. तिरका कापलेला कुर्ता दोन धुण्यांत पिळवटतो.

११ नंबरची सुई, इंचाला दहा टाके. दोऱ्याचा रंग जमिनीच्या, म्हणजे नक्षीमागच्या, गडद रंगाशी जुळवा. फिका दोरा गडद भागावर लगेच उठून दिसतो, गडद दोरा फिक्या भागावर तितका खुपत नाही. आधी खांदे जोडा. मग गळ्याची पट्टी. नक्षीचा गडद तुकडा आतून लावला आणि पुढे पांढरी जागा असली तर तो आरपार दिसतो, म्हणून पट्टी मेण तपासायला काढलेल्या कापडाच्या उरलेल्या पांढऱ्या तुकड्यांतून काढा. गोल गळ्याला माया कात्रीच्या टोकानं दर अर्ध्या इंचाला छेदा, पण टीपेच्या दोन धागे अलीकडे थांबा. मग कुर्ता सपाट असतानाच बाह्या मुंढ्याला जोडा आणि बाहीच्या टोकापासून घेराच्या चिऱ्यापर्यंत बाजूची शिवण एका ओळीत घाला.

बाजूला दुहेरी शिवण घ्या: आधी सुलट बाजूनं पाव इंचावर टीप, माया छाटून उलटवा, मग आतून उरलेल्या पाऊण इंच मायेवर दुसरी टीप. कडा आत झाकल्या जातात आणि इंटरलॉकची गरज राहत नाही. चिऱ्याच्या वरच्या टोकाला दोनदा टीप मागेपुढे घ्या, फाटतं ते तिथेच. घेराची दुमड दीड इंचाची, हातानं तुरपाई केली तर खालच्या पट्ट्यावर मशीनची रेघ दिसत नाही.

पहिली तीन धुणी वेगळी, गार पाण्यात, रिठ्यानं किंवा सौम्य साबणानं. वाळवायचं उलट करून, सावलीत. इस्त्री आतल्या बाजूनं. पहिल्या इस्त्रीत कुठे तेलकट डाग उमटला तर ते मागे राहिलेलं मेण आहे. त्या जागी वर-खाली कोरा कागद ठेवून दाबा, आणि कागद स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा.